तारा निघाल्या, तरी काम संपत नाही

दीड-दोन वर्षे तारा लावून मुलीचे दात सरळ झाले. तारा काढल्या त्या दिवशी घरात सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टरांनी रात्री लावायला दिलेले रिटेनर मात्र महिनाभरात कपाटात गेले. वर्षभराने पुढचा दात पुन्हा तिरका दिसू लागला. पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे असे वाया जाताना आम्ही पाहतो, म्हणून हा विषय घेतला आहे.

दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. हाड आणि मूळ यांना बारीक तंतू जोडून ठेवतात. तारांनी दात सरकला की हे तंतू ताणले जातात आणि त्याला जुन्या जागी ओढतात. हिरड्यांतले काही तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभर घेतात. तोवर दाताला धरून ठेवण्याचे काम रिटेनर करते. शिवाय वयानुसार खालचे पुढचे दात सगळ्यांचेच थोडे दाटतात.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार, तार आणि प्लास्टिकची प्लेट. ती टिकाऊ असते, डॉक्टरांना थोडी घट्ट-सैल करता येते आणि पडलेल्या दाताच्या जागी तीत नकली दातही बसवता येतो. सुरुवातीचे काही दिवस बोलताना जीभ अडखळते.

दुसरा, पारदर्शक साचा. तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण तो झिजतो, तडकतो आणि बदलावा लागतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ते आधीच सांगावे.

तिसरा, दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. विसरण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या दातांत मोठी फट होती किंवा दात खूप वळलेले होते, त्यांना ती बरी. मात्र तिच्याभोवती कीटण साचते, म्हणून फटीत जाणाऱ्या छोट्या ब्रशने रोज साफसफाई हवी. चिक्की, ऊस दातांनी तोडू नये. एका दातावरचा चिकटा सुटला तरी तो दात गुपचूप सरकतो, त्यामुळे जीभेला तार हलती लागली की लगेच दाखवावे.

काढता येणाऱ्या रिटेनरची काळजी सोपी आहे. जेवताना आणि चहा पिताना ते काढावे. साखरेचा चहा साच्यात अडकून दात किडतात. काढल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे. गरम पाणी नको, आकार बिघडतो. पारदर्शक साच्याला टूथपेस्टने ओरखडे पडतात. ते रुमालात किंवा कागदात गुंडाळू नये, कचऱ्यात जाते. डबीतच ठेवावे आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावे.

साधारणपणे पहिले काही महिने जेवणाखेरीज दिवसभर, नंतर फक्त रात्री, असे सांगितले जाते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले वेळापत्रक पाळावे. किती वर्षे? दात सरळ हवेत तितकी वर्षे, हे खरे उत्तर.

काही दिवस राहून गेले आणि रिटेनर घट्ट बसले, तर डॉक्टरांना विचारावे. बसतच नसेल तर जोर लावू नये. हरवले किंवा तुटले तर त्याच आठवड्यात जावे, कारण उशीर झाला तर पुन्हा तारा लावाव्या लागू शकतात.

उपचार सुरू करतानाच एक प्रश्न विचारून ठेवा : रिटेनर आणि नंतरच्या तपासण्या ठरलेल्या रकमेत आहेत की वेगळ्या? खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी.