व्यायाम पहाटे, पण स्नायू घडतात दिवसभर

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी परिसरात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले नवी नाहीत. कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, तर कुणी तालमीत जोर-बैठका मारतो. घाम गाळणे सगळ्यांना जमते. प्रश्न पडतो तो त्यानंतर. प्रोटीन पावडरचा महागडा डबा घ्यायचा की घरचेच खायचे? अनेक घरांत त्यासाठी महिन्याच्या खर्चाला कात्री लागते. म्हणून यामागचे शास्त्र समजून घ्यायला हवे.

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो. त्यानंतर शरीर प्रथिनांमधील अमिनो आम्ले वापरून नवे तंतू बांधते. त्याच वेळी जुनी प्रथिने मोडतही असतात. जोरदार व्यायामानंतर बांधणीचा वेग साधारण 24 तास, काही वेळा त्याहूनही जास्त काळ वाढलेला राहतो. मात्र काहीच खाल्ले नाही, तर मोडणी बांधणीपेक्षा जास्तच राहते. म्हणजे व्यायाम हा हुकूम, तर प्रथिने हे सामान. सामानच नसेल तर गवंडी काय करणार?

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने घेतलीच पाहिजेत, असे जिममध्ये सांगतात. अभ्यासांतून मात्र असे दिसते की, दिवसभरातील एकूण प्रथिने पुरेशी असतील तर या अर्ध्या तासाला तेवढे महत्त्व नाही. उपाशीपोटी व्यायाम केला असेल, तर लवकर खाल्लेले बरे.

किती प्रथिने लागतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम पुरतात. स्नायू वाढवण्यासाठी नियमित व्यायाम करणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात. 2018 मध्ये 49 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात सरासरी 1.6 ग्रॅमच्या पुढे स्नायूंना फारसा जादा फायदा दिसला नाही.

आता 60 किलो वजनाच्या तरुणाचा हिशेब पाहू. त्याला 72 ते 96 ग्रॅम प्रथिने हवीत. सकाळी दोन अंडी आणि मोठा ग्लास दूध यांतून 20 ग्रॅम मिळतात. दुपारी दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट आमटी यांतून सुमारे 16, संध्याकाळी मूठभर (50 ग्रॅम) शेंगदाण्यांतून 12, तर रात्री 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी आणि दोन भाकऱ्यांतून 35 ग्रॅम मिळतात. झोपण्याआधी आणखी एक ग्लास दूध घेतले की 92 ग्रॅम झाले! शाकाहारी असाल तर अंड्यांऐवजी मोड आलेली मटकी, फुटाणे किंवा पनीर चालेल. भाकरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून भरून निघते. त्यामुळे भाकरी-आमटीची जोडी शास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ज्या कोल्हापुरात घडले, तिथल्या तालमींमध्ये दूध, बदाम, थंडाई आणि मटण यांचाच दबदबा राहिला आहे. पावडर वाईट नाही. धावपळीत सोयीची ठरते. पण ती केवळ प्रथिनांचे एक रूप आहे, जादू नव्हे. घेतलीच तर लेबल पाहून घ्यावी.

सारी प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात घेण्यापेक्षा तीन-चार वेळांत वाटून घ्यावीत. पुरेशी झोपही हवी. वयस्करांच्या स्नायूंना प्रथिनांचा प्रतिसाद मंद असतो, म्हणून घरातल्या आजी-आजोबांच्या ताटातही डाळ, दूध आणि अंडी हवीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

पहाटेची मेहनत वाया जाऊ नये, असे वाटत असेल तर डब्याच्या किमतीपेक्षा ताटाचा हिशेब आधी करावा.