हिशेबाची वही

विद्यार्थी मित्रांनो, जमा, खर्च, बाकी, रक्कम, कर्ज, हप्ता हे शब्द वाचताना तुम्ही अडखळणार नाही. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. हिशेब हा शब्दही त्यांतलाच. तुमच्या घरी जो उर्दूत 'हिसाब' होतो, तोच शेजारच्या घरी मराठीत 'हिशेब' होतो. पैशांची चिंताही दोन्ही घरांत सारखीच असते. ही चिंता कमी कशी करता येईल, ते या पाठात पाहू.

अणदूर हे धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले एक मोठे गाव. ते सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गजवळ वसले आहे. या भागातील बरीच शेती पावसावर अवलंबून आहे. पाऊस वेळेवर पडला, तर सोयाबीन, उडीद, तूर चांगली येते. पाऊस लांबला, तर पेरणी वाया जाते. पीक आले, तरी बाजारात भाव मिळेलच असे नाही. शेतमजुराला पेरणी-काढणीच्या दिवसांत काम मिळते. एरवी ते शोधावे लागते. रिक्षाचालक, गॅरेजवाला, शिलाईकाम करणारी बाई यांचीही कमाई रोज सारखी नसते. खर्च मात्र रोजचाच असतो. पीठ, तेल, औषध आणि शाळेच्या वह्या पावसाची वाट पाहत नाहीत. मिळकत अनिश्चित आणि खर्च निश्चित, हीच अनेक घरांची खरी अडचण आहे.

शिवाय या भागाने मोठी संकटेही पाहिली आहेत. १९७२ च्या दुष्काळात पिके गेली आणि शेतकऱ्यांवरही खडी फोडण्याची वेळ आली. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली. हजारो माणसे दगावली. घरात ठेवलेले धान्य, दागिने आणि पैसेही ढिगाऱ्याखाली गेले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली, तेव्हा रोजंदारीवर जगणाऱ्यांची कमाई एका दिवसात थांबली.

संकट केव्हा येईल, हे सांगता येत नाही. पण संकटाचे पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे, याची तयारी आधीपासून करता येते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली हिशेब, दुसरी बचत आणि तिसरी कर्जाची नीट माहिती.

हिशेबासाठी एक साधी वही पुरे. डाव्या पानावर जमा लिहावी, उजव्या पानावर खर्च. रोज रात्री पाच मिनिटे लागतात. महिना संपला की खर्चाचे तीन भाग करावेत. धान्य, औषध, फी हा टाळता न येणारा खर्च. नवे कपडे, घराची रंगरंगोटी हा पुढे ढकलता येणारा खर्च. तिसरा भाग म्हणजे टाळता येणारा खर्च. समजा, एका घरात तंबाखूच्या पुड्यांवर रोज २० रुपये जातात. हे २० रुपये कोणाला जाणवत नाहीत. पण वर्षाचे ७,३०० रुपये होतात, हे वहीत दिसते. उर्दूत आपण म्हणतो, 'जितनी चादर, उतने पाँव'. मराठीत म्हणतात, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत'. आपले अंथरूण केवढे आहे, ते वही सांगते.

आता बचतीकडे वळू. 'खर्च करून जे उरेल ते साठवू' असे म्हणणाऱ्याजवळ सहसा काही उरत नाही. म्हणून पैसे हाती येताच थोडी रक्कम आधी बाजूला काढावी. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास एकदम येतात. त्यातूनच पुढच्या पेरणीचे बियाणे आणि खत यांचे पैसे वेगळे ठेवले, तर जूनमध्ये हात पसरावा लागत नाही.

बचत कोठे ठेवावी? आपल्या भागात अनेक घरांची बचत गोठ्यात बांधलेली असते. उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. ती कोरड्या हवामानात टिकते आणि पुष्कळदा दोन करडे देते. अडचणीत शेळी विकता येते. बकरी ईदच्या आधी बोकडाला चांगला भाव येतो. पण दुष्काळात चारा संपला, की सगळेच जण जनावरे बाजारात नेतात आणि भाव पडतो. म्हणून सगळी बचत शेळ्यांत असू नये.

दुसरा मार्ग बचत गटाचा. दहा ते वीस स्त्रिया दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात आणि गरजेनुसार एकमेकींना कर्ज देतात. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. तिसरा मार्ग बँक किंवा पोस्टाच्या खात्याचा. बँक बुडाली, तरी तेथील ठेवीला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. जास्त व्याजाच्या आशेने ठेव ठेवताना हा फरक विसरू नये.

तरीही कधी कर्ज घ्यावे लागते. अशा वेळी त्याची खरी किंमत काढता आली पाहिजे. सावकार म्हणतो, 'शेकडा पाच रुपये.' ऐकायला पाचच रुपये वाटतात. पण हे व्याज महिन्याचे असते. वर्षाला ते शेकडा ६० होते. समजा, १०,००० रुपये घेतले. दरमहा ५०० रुपये व्याज दिले. वर्षभरात ६,००० रुपये गेले आणि मुद्दल १०,००० तसेच उभे राहिले! बचत गटाने शेकडा दोन घेतले, तर वर्षाचे व्याज २,४०० रुपये होते आणि तेही गटातच राहते.

म्हणून कर्ज घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. व्याज महिन्याचे की वर्षाचे? एकूण परत किती द्यायचे? हप्ता चुकला तर काय होईल? आणि हे कर्ज ज्या कामासाठी घेत आहोत, त्यातून काही मिळकत होणार आहे का? शिलाई यंत्रासाठी घेतलेले कर्ज ते यंत्र फेडू शकते. लग्नातल्या मांडवासाठी घेतलेले कर्ज मांडव फेडत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारी करायला परवाना लागतो. पैसे परत केल्यावर पावती मागणे हा कर्जदाराचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर तर सही किंवा अंगठा कधीच देऊ नये.

मित्रांनो, तुम्ही अजून कमावत नाही. मग तुमचे काम काय? बँकेचा अर्ज, पावती, कर्जाचा करार हे कागद आपल्याकडे पुष्कळदा मराठीत असतात. अनेक घरांत ते वाचू शकणारे तुम्हीच असता. अब्बांनी किंवा अम्मींनी सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि तिचा अर्थ घरच्या भाषेत सांगा. न कळलेला शब्द सोडून पुढे जाऊ नका. त्या एका शब्दातच कधी वर्षभराची कमाई अडकलेली असते.

स्वाध्याय
१. अणदूर परिसरातील लोकांची मिळकत अनिश्चित का असते?
२. सगळी बचत शेळ्यांत का ठेवू नये?
३. ५,००० रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतल्यास वर्षाचे व्याज किती होईल?
४. आपल्या घरचा एका आठवड्याचा जमाखर्च मराठीत लिहा.