प्रसूतिलाभ

प्रसूतिलाभ : वेतनावर काम करणाऱ्या स्त्रीस गर्भारपण, प्रसूती व अर्भकसंगोपन यांसाठी कायद्याने मिळणारी पगारी रजा व तदनुषंगिक संरक्षण. माता व अर्भक यांचे आरोग्य आणि स्त्रीची उपजीविका या दोहोंचे एकाच वेळी रक्षण करणे, हा त्याचा हेतू होय.

आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात (१९१९) यासंबंधीचा करार संमत झाला. भारतात ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक नामंजूर झाले. मुंबई विधिमंडळातील अशाच विधेयकास १९२८ मध्ये भी. रा. आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, तथापि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याची झळ सोसावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबई इलाख्याचा १९२९ चा कायदा हा या विषयावरील भारतातील पहिला कायदा होय.

पुढे १९६१ च्या केंद्रीय अधिनियमाने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवडे झाली. हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीनुसार प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेली स्त्री लाभास पात्र ठरते. सव्वीसपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. दोन अपत्ये हयात असल्यास रजा बारा आठवडे, तर गर्भपात झाल्यास सहा आठवडे मिळते. संहितेने तीन महिन्यांखालील मूल दत्तक घेणाऱ्या स्त्रीसही बारा आठवडे दिले. रजेच्या काळात स्त्रीस कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक असते. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ देय आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणी दिला.

लाभाचा खर्च कोणी सोसावा, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक व कामगार यांच्या वर्गणीतून तो भागविला जातो व सर्व आस्थापनांवर विभागला जातो. योजनेबाहेर मात्र रजेचे संपूर्ण वेतन एकट्या मालकास द्यावे लागते. त्यामुळे तरुण स्त्रियांना नोकरीच न देण्याकडे काही मालकांचा कल होतो आणि संरक्षणार्थ केलेली तरतूदच त्यांच्या रोजगाराच्या आड येते. रजा जितकी दीर्घ, तितका हा धोका अधिक. म्हणून खर्चाची सामाजिक विभागणी करणे अगत्याचे ठरते.

शेतमजूर, घरकामगार इ. असंघटित स्त्रिया व्यवहारात या तरतुदींबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने (२०१३) किमान ६,००० रुपयांचे साहाय्य विहित केले. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरविण्यात आले. ही रक्कम बुडालेल्या मजुरीची भरपाई करण्यास अपुरी असल्याने गरजू स्त्रीस प्रसूतीनंतर लवकरच कामावर परतावे लागते.