पट्टी न सोडता

मधुमेही पायाची पट्टी सोडायला सिस्टर घाई करत नाहीत. सलाईन ओतायचं, चिकटलेला गॉज भिजू द्यायचा, मग कडेकडेने सुटा करायचा. ओढला तर नुकतीच धरलेली कोवळी कातडी त्याच्याबरोबर निघून येते. गॉज हातात आला की त्या आधी तोच निरखतात: किती भिजलाय, रंग कसा, वास येतोय का. कडेची कातडी पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसली, की स्राव जास्त झालाय.

"काका, दुखतंय का?"

"छे, काही नाही."

या उत्तराने सिस्टरांना बरं वाटत नाही. पायाच्या नसाच बधिर झाल्यात.

पंचाईत अशी, की आतलं बघायला पट्टी सोडावी लागते आणि सोडली की जखम गार पडते, वाळते. झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडीपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर दाखवलं होतं. म्हणून जखमेची स्थिती मोजणारा सेन्सर पट्टीच्या आतच ठेवायचा. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कॉनली यांच्या संशोधनातून आलेला सेन्सर फक्त ओल मोजतो. त्याची पातळ पट्टी जखमेवर बसते, टोक ड्रेसिंगबाहेर राहतं आणि त्याला छोटं मीटर लावतात. ओल वाढली की विजेचा अडथळा कमी होतो.

पण ओल म्हणजे सगळं नव्हे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रेंगाळलेल्या जखमेचा पीएच बहुधा ७ च्या वर जातो. शिवाय साचलेला स्राव शिळी बातमी देतो. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेतल्या वेई गाओ यांच्या गटाच्या पट्टीत म्हणूनच ताजा स्राव ओढून घ्यायची आणि जुना पुढे ढकलायची बारीक वाट आहे. २०२५ मध्ये त्यांनी २० रुग्णांवरच्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मोजमापांत नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही होतं. मला या सगळ्यात स्रावाची ती बारीक वाटच सर्वांत हुशारीची वाटते. प्रथिनांनी भरलेल्या त्या चिकट द्रवात सेन्सर टिकवणं सोपं नाही.

आपल्याकडच्या ड्रेसिंग रूममध्ये अजून सळई जखमेत घालून ती हाडाला टेकते का, हेच पाहतात. टेकली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका. मग सिस्टर काकांची मऊ रबराची एमसीआर चप्पल उलटी करून तळ बघतात आणि विचारतात, "घरात घालता ना ही?"