कियान्तीचें द्राक्ष व मुळशीचा आंबेमोहोर

देवगडचा हापूस, नागपूरचें संत्रें, नाशिकचें द्राक्ष, हीं नांवें उच्चारतांना फळाबरोबर त्याच्या जन्मभूमीचाही उच्चार होतो. गांवाचें नांव जोडल्यानें जिन्नसाचा भाव चढतो, आणि भाव चढला म्हणजे तें नांव इतरांसही वापरावेंसें वाटूं लागतें. मग नांव कोणाचें, भूमीचें कीं विक्रेत्याचें, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा विचार करण्यास इटलीमधील कियान्ती नांवाच्या तांबड्या द्राक्षमद्याचा इतिहास फार उपयोगी आहे. मद्यपानाची प्रशस्ति करावी असा येथें मुळींच हेतु नाहीं. आपल्या नित्याच्या ताटांतील एका अन्नाची कथा त्या इतिहासाच्या उजेडांत अधिक स्पष्ट दिसते, एवढ्याचसाठीं तो सांगावयाचा.

इटलीच्या टस्कनी प्रांतांत फ्लॉरेन्स व सिएना या दोन नगरांच्या मध्यें जो डोंगराळ प्रदेश आहे, त्याचें नांव कियान्ती. तेथील मुख्य द्राक्ष सांजोवेझे या जातीचें. या मद्याचा रंग माणकासारखा, वास चेरीच्या फळाची आठवण देणारा, आणि रुचि आंबट-तुरट असते. आपल्या गृहिणींना कल्पना यावी म्हणून सांगावयाचें तर, कोकमाचा आंबटपणा व जांभळाचा तुरटपणा एकत्र केल्यास त्या रुचीच्या जवळपास जातां येईल. ही प्रकृति एकट्या द्राक्षाची नव्हे. सांजोवेझे उशिरां पिकतें. दिवसा ऊन व रात्रीं डोंगरावरील गारवा यांमुळें फळ पिकूनही त्यांतील आंबटपणा टिकतो. जमीनही खडकाळ व निचऱ्याची, त्यामुळें वेलीला फाजील माज येत नाहीं.

या मद्याची कीर्ति परदेशीं पोहोंचली, तशी त्याच्या नांवावर भलतेंच मद्य खपविण्याची प्रवृत्तिही वाढली. तेव्हां टस्कनीचा अधिपति तिसरा कोसिमो यानें १७१६ सालीं फर्मान काढून कियान्तीची व आणखी तीन प्रदेशांची सीमा आंखून दिली. मद्याच्या उत्पत्तिस्थानाला कायद्यानें मर्यादा घालण्याचा जगांतील हा अगदीं आरंभींच्या प्रयत्नांपैकीं एक होय. पुढें इटलीचें पंतप्रधानपद भूषविलेले बेत्तीनो रिकासोली यांनीं अनेक वर्षें प्रयोग करून १८७२ सालीं मिश्रणाचें प्रमाण सुचविलें: गंध व जोम यांसाठीं सांजोवेझे, मार्दवासाठीं कानायोलो, आणि लौकर प्यावयाचें असेल तरच थोडें पांढरें माल्वासिया.

परंतु आंखलेली रेषा स्थिर राहिली नाहीं. १९३२ सालीं सरकारनें कियान्ती हें नांव मूळ प्रदेशाबाहेरच्या दूरवरच्या टेकड्यांसही बहाल केलें, आणि मूळ भागास ‘क्लासिको’ हें विशेषण घेऊन वेगळें राहावें लागलें. १९६७ च्या नियमांनीं तर पांढऱ्या द्राक्षांचें मिश्रण सक्तीचें केलें. गवतानें मढविलेल्या फुगीर बाटलीतलें स्वस्त मद्य जगभर गेलें आणि नांवाची प्रतिष्ठा उतरली. केवळ सांजोवेझेचें उत्तम मद्य करणाऱ्यांस मात्र त्यावर कियान्ती हें नांव घालण्याची मनाई होती! पुढें नियम सुधारले. आतां क्लासिको म्हणविणाऱ्या मद्यांत निदान ८० टक्के सांजोवेझे असावें लागतें, आणि २००६ पासून त्यांत पांढऱ्या द्राक्षांस अजीबात मज्जाव आहे. सीमा आंखणें पुरेसें नाहीं, त्या सीमेच्या आंत काय पिकावें हेंही ठरवावें लागतें, हा धडा तेथील लोकांस सुमारें अडीचशें वर्षांनीं मिळाला.

येथें एक भेद लक्ष्यांत ठेवण्याजोगा आहे. सांजोवेझे हें वेलीचें नांव, कियान्ती हें भूमीचें. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत अकलूजच्या परिसरांतही आतां सांजोवेझेची लागवड होते व त्याचें मद्यही निघतें. त्या बाटलीवर द्राक्षाचें नांव असतें, कियान्तीचें नसतें. वेल समुद्र ओलांडून येऊं शकते. डोंगर येऊं शकत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशीं मुळशी, मावळ, भोर, वेल्हें हा जो पट्टा आहे, तो आंबेमोहोर तांदळाचें माहेर. दाणा आंखूड व भरीव, भात मऊ व किंचित् चिकट, आणि शिजतांना घरभर आंब्याच्या मोहोराचा दरवळ. नैवेद्याचा वरणभात, आजाऱ्याची पेज, बाळाचा पहिला मऊभात, मेतकुटाबरोबरचा गुरगुट्या भात, या सर्वांस आपल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या हाच तांदूळ लागला. या वासाचें मूळ एका सूक्ष्म रासायनिक द्रव्यांत असून तेंच द्रव्य बासमतींतही सांपडतें. दाणा भरण्याच्या वेळीं हवा फार तापली तर तें कमी होतें. म्हणजे बियाणें अस्सल असलें तरी घांटमाथ्याजवळचा गारवा आणि खाचरांतील पाणी यांचें साहाय्य त्याला लागतेंच. राब भाजणें, चिखलणी, लावणी हे कष्ट निराळेच. शिवाय ताट उंच, वाऱ्यापावसानें लोळणारें, आणि उत्पन्न थोडें. म्हणून आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून ‘इंद्रायणी’ हा अधिक पिकणारा वाण निर्माण झाला व शेतकऱ्यानें तो आनंदानें उचलला. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्यालाही संसार आहे.

मुळशीची हकीकत मात्र याहून कठीण आहे. कियान्तीची सीमा पसरली. मुळशीची भूमिच पाण्याखालीं गेली. टाटा कंपनीनें मुंबईस वीज पुरविण्यासाठीं निळा व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतलें, तेव्हां पन्नासाहून अधिक गांवांच्या भातखाचरांवर संकट आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी लाभली ती याच लढ्यांत. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदि मंडळी त्यांत होती; स्त्रियांनींही तुरुंगवास पत्करला. तथापि एक गोष्ट आपल्या समाजानें विसरतां कामा नये. त्या जमिनींपैकीं पुष्कळशी मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती, व त्यांत आपलीं घराणीं थोडीं नव्हतीं. मोबदल्याचा पैसा मालकास मिळणार होता, खाचर मात्र कुळाचें जाणार होतें. आणि पैशाचा प्रश्न आल्यावर मालकवर्गाचा ओढा मोबदल्याकडे वळला. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, १९२७ पर्यंत धरण पुरें झालें, आणि मुळेचें पाणी घांटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळलें. ज्यांच्या ताटांत आंबेमोहोर होता त्यांच्यापैकींच कित्येकांनीं तो पिकविणाऱ्यास एकटें सोडलें.

राहिलेल्या भूमीवर आतां दुसरें पाणी चढत आहे. हिंजवडी, माण, पिरंगुट हीं मुळशी तालुक्यांतीलच गांवें. तेथील खाचरांच्या जागीं कचेऱ्या, कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. भौगोलिक निर्देशनाचा कायदा आपल्याकडे १९९९ सालीं झाला व २००३ पासून अंमलांत आला; आंबेमोहोरास त्याखालीं २०१६-१७ मध्यें मानांकनही मिळालें. हें चांगलेंच झालें. पण आंबेमोहोर या नांवांत गांव नाहीं, केवळ वास आहे. त्यामुळें कोणत्याही परप्रांतीय सुवासिक तांदळाच्या पोत्यावर तें चिकटवणें सोपें जातें. कायद्याची रेषा कागदावर राहते, आणि खरा शेतकरी स्वस्त वाणाशीं झुंजून थकतो.

अशा स्थितींत गृहस्थ व गृहिणी यांच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे. दुकानदारास नुसतें ‘आंबेमोहोर द्या’ असें न म्हणतां तो कोणत्या तालुक्याचा, कोणत्या सालचा, असें विचारावें. फार जुन्या तांदळाचा वास उतरतो हें ध्यानांत ठेवावें. दाणा लांब व सडपातळ दिसल्यास संशय घ्यावा. झोडणी उरकल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास, पौड किंवा कामशेतच्या बाजूस ओळख काढून वर्षाचा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून भरावा, आणि चार पैसे अधिक पडले तर घासाघीस न करतां द्यावे. चार घरांनीं मिळून एका शेतकऱ्याचें खाचर बांधून घेतलें, तर पुढील ज्येष्ठांत अस्सल बियाणें राबावर टाकण्याचें धैर्य त्याला येईल. शंभर वर्षांपूर्वीं त्याच्या पाठीशीं उभें राहण्याचें जें काम अर्धवट राहिलें, त्याचा एवढा तरी भाग आज आपल्याला करतां येण्याजोगा आहे.