कॉइलओव्हर सस्पेन्शन

कॉइलओव्हर सस्पेन्शन ही मोटारगाडीच्या सस्पेन्शनची एक रचना आहे. हिच्यात वेटोळ्याची स्प्रिंग धक्काशोषकाच्या भोवती, त्याच्याच अक्षावर बसविलेली असते आणि दोन्ही मिळून एकच सुटा भाग तयार होतो. मोटारगाडीच्या बाजारात मात्र 'कॉइलओव्हर' हा शब्द अधिक मर्यादित अर्थाने वापरला जातो. कारखान्यातून गाडीसोबत आलेले भाग काढून त्यांच्या जागी बसविता येणारा, उंची कमी-जास्त करता येणारा आणि बहुधा अधिक ताठ स्प्रिंगचा संच, असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. बिलस्टाइन व केडब्ल्यू (जर्मनी), ओलिन्स (स्वीडन) आणि टाइन (जपान) हे या क्षेत्रातील परिचित उत्पादक होत.

अशा संचाची निवड करताना गाडीची उंची आणि दिसणे यांकडे प्रथम लक्ष जाते. वास्तविक गाडीचे वर्तन मुख्यतः स्प्रिंगचा दर, धक्काशोषकाचे शमन आणि उपलब्ध हालचाल या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या तिन्ही परस्परांशी बांधलेल्या असल्याने एक बदलली की उरलेल्या दोहोंचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

रचना

सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग गाडीचे वजन पेलते व खड्ड्यातून आलेली ऊर्जा साठविते. धक्काशोषक, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील 'शॉकअप', ही ऊर्जा तेलाच्या घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतरित करून स्प्रिंगचे हेलकावे थांबवितो. धक्काशोषक नसलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली होत राहील.

कॉइलओव्हर संचात धक्काशोषकाच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. या आट्यांवर फिरणारी कडी स्प्रिंगला खालून आधार देते. कडी खाली फिरविली की गाडी खाली बसते, वर फिरविली की उचलली जाते. कडी फिरविल्याने स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही. केवळ तिची बैठक बदलते. कडी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा समज चुकीचा आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. मारुती सुझुकी स्विफ्ट तसेच चाकण येथे डिसेंबर २००९ पासून उत्पादित झालेली फोक्सवॅगन पोलो या त्याच रचनेच्या गाड्या होत. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग मुळातच धक्काशोषकावर बसलेली असते. मागील बाजूस मात्र स्प्रिंग आणि धक्काशोषक वेगवेगळ्या जागी असतात. त्यामुळे या गाड्यांसाठी मिळणारा 'कॉइलओव्हर संच' काटेकोर अर्थाने केवळ पुढील बाजूस कॉइलओव्हर असतो. महिंद्राच्या नाशिक कारखान्यात तयार होणाऱ्या बोलेरोला तर मागे पाटे असतात. तेथे हा संच थेट बसत नाही.

स्प्रिंगचा दर

स्प्रिंग एक मिलीमीटर दाबण्यास लागणारे बल म्हणजे तिचा दर होय. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली स्पष्ट केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे दबणे हे तिच्यावरील बलाच्या प्रमाणात असते. दर न्यूटन प्रति मिलीमीटर, किलोग्रॅम प्रति मिलीमीटर किंवा पौंड प्रति इंच या एककांत सांगतात. १ किलोग्रॅम प्रति मिलीमीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन प्रति मिलीमीटर किंवा ५६ पौंड प्रति इंच. जपानी संचांवर बहुधा किलोग्रॅमचे आणि अमेरिकी संचांवर पौंडाचे आकडे असतात. तुलना करण्यापूर्वी ते एकाच एककात आणणे आवश्यक असते.

वेटोळ्याच्या स्प्रिंगचा दर पुढील सूत्राने मिळतो:

दर = (पोलादाचा कर्तन मापांक × तारेच्या व्यासाचा चतुर्थ घात) ÷ (८ × वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन × कार्यरत वेढ्यांची संख्या)

तारेचा व्यास १२ मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास १०० मिमी आणि कार्यरत वेढे ६ असल्यास दर सुमारे ३४ न्यूटन प्रति मिमी येतो. तार केवळ १ मिमीने जाड केली तर तोच दर ४७ होतो, म्हणजे ३८ टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांत एवढे अंतर असू शकते. याच सूत्रावरून स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली घेण्याच्या प्रथेचा परिणामही कळतो. सहापैकी एक वेढा कापल्यास दर ३४ वरून ४१ होतो. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही व चाक लोंबकळले असता स्प्रिंग जागेवरून सुटण्याचा धोका निर्माण होतो.

चाकाजवळचा दर

संचाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा स्प्रिंगचा असतो, चाकाचा नव्हे. चाक जितके हलते तितकीच स्प्रिंग दबतेच असे नाही. स्प्रिंगची हालचाल भागिले चाकाची हालचाल या गुणोत्तराचा वर्ग करून त्याने स्प्रिंगचा दर गुणला म्हणजे चाकाजवळचा दर मिळतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर ०.९५ च्या आसपास असते. त्याचा वर्ग सुमारे ०.९. दुहेरी भुजांच्या सस्पेन्शनमध्ये ते ०.६५ असेल तर वर्ग केवळ ०.४२ येतो. म्हणून एका गाडीला योग्य ठरलेला आकडा दुसऱ्या गाडीला लावता येत नाही.

नैसर्गिक वारंवारता

स्प्रिंग किती ताठ हवी हे ठरविण्याची विश्वसनीय पद्धत म्हणजे गाडीची नैसर्गिक वारंवारता काढणे. चाकाजवळचा दर न्यूटन प्रति मीटरमध्ये घेऊन त्याला त्या चाकावरील स्प्रिंगांनी पेललेल्या किलोग्रॅम वजनाने भागावे, वर्गमूळ काढावे आणि ६.२८ ने भागावे. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती हेलकावे, असे मिळते. चाक, ब्रेक इत्यादी स्प्रिंगच्या खालील भागांचे वजन यात धरत नाहीत.

सर्वसाधारण प्रवासी गाड्यांची वारंवारता १ ते १.५ हर्ट्झ, क्रीडा प्रकारच्या गाड्यांची १.५ ते २ आणि शर्यतीच्या गाड्यांची २ हर्ट्झच्या वर असते. मानवी शरीराला ४ ते ८ हर्ट्झ दरम्यानचे उभे कंप सर्वाधिक जाणवतात. गाडी जसजशी ताठ होते तसतसे प्रवाशाचे शरीर या पट्ट्याच्या जवळ जाते.

उदाहरणार्थ, पुढील प्रत्येक चाकावर स्प्रिंगांनी पेललेले वजन २६५ किलो आहे असे समजू. मूळ स्प्रिंगचा दर २२ न्यूटन प्रति मिमी असल्यास चाकाजवळ तो सुमारे २० होतो आणि वारंवारता १.३८ हर्ट्झ येते. बाजारातील ५ किलोग्रॅम प्रति मिमीची स्प्रिंग बसविल्यास चाकाजवळचा दर सुमारे ४४ आणि वारंवारता २.०६ हर्ट्झ होते. म्हणजे घरगुती गाडी शर्यतीच्या गाडीच्या पट्ट्यात जाते.

पुढील आणि मागील वारंवारतेचे प्रमाणही महत्त्वाचे असते. अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये केलेल्या कामातून असे मांडले की, मागील वारंवारता पुढील वारंवारतेहून थोडी अधिक ठेवावी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना आणि क्षणभराने मागच्या चाकांना लागतो. मागील बाजू अधिक वेगाने हलली तर ती पुढील बाजूस गाठते व गाडीचे पुढे-मागे डुलणे लवकर थांबते.

शमन

स्प्रिंग बदलून धक्काशोषक तोच ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. लागणारे शमन दराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात चाकाजवळचा दर सुमारे २.२ पट झाला. म्हणून शमन सुमारे दीडपट हवे. मूळ धक्काशोषक ठेवल्यास शमनाचे प्रमाण दोन-तृतीयांशावर उतरते. गाडी ताठ तर होतेच, पण उंचवट्यावरून उडाल्यावर लवकर स्थिरही होत नाही. असे चाक रस्त्याची पकड सोडते आणि ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्याचे अंतर वाढते.

उंची आणि हालचाल

गाडी खाली घेतली की चाकाला वर सरकण्यास उरलेली जागा तितकीच कमी होते. मूळची ८० मिमी वरची हालचाल गाडी ४० मिमी खाली घेतल्यावर ४० मिमी उरते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून निम्म्या अंतरात तोच धक्का झेलण्यासाठी स्प्रिंग दुप्पट नव्हे, तर चौपट ताठ असावी लागते. तशी ती नसेल तर सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळते आणि धक्का थेट गाडीच्या सांगाड्यात जातो.

गाडी खाली घेतल्याने वळणावर कलणे कमी होते, हेही नेहमी खरे नसते. मॅकफर्सन रचनेत गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून तिचा कलण्याचा केंद्रबिंदू अधिक खाली जातो. परिणामी दोहोंतील अंतर वाढते व गाडीला कलविणारा जोर वाढतो. उंची बदलल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळविणे अनिवार्य असते.

निफाड परिसरातील वापराचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी असलेल्या सायखेडा येथील गाडीचा वापर डोळ्यांसमोर ठेवल्यास वरील हिशेबाचे महत्त्व ध्यानात येते. हा द्राक्ष व कांद्याचा प्रदेश आहे. येथील गाडी एका दिवशी रिकामी, तर दुसऱ्या दिवशी माणसे व द्राक्षांच्या क्रेटसह भरलेली असू शकते.

मागील प्रत्येक चाकावर रिकाम्या स्थितीत १७० किलो वजन पेललेले आहे आणि सामानाने त्यात १०० किलोंची भर पडते असे मानू. चाकाजवळचा दर २० असल्यास गाडी मागे ४९ मिमी बसते आणि वारंवारता १.७३ वरून १.३७ हर्ट्झवर येते. दर ४० केल्यास गाडी केवळ २५ मिमी बसते, परंतु रिकामी असताना वारंवारता २.४४ हर्ट्झ होते. म्हणजे क्वचित येणाऱ्या भाराच्या सोयीसाठी रोजचा प्रवास खडतर होतो.

गतिरोधकांचा हिशेब याहून निर्णायक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि वक्रतेची त्रिज्या १७ मीटर असते. २.४५ मीटर चाकांतराची गाडी त्याच्या मध्यावर असताना चाकांच्या पातळीपेक्षा गतिरोधकाचा माथा सुमारे ४४ मिमी वर येतो. रिकामी असताना १६५ मिमी उंच असलेली गाडी ४० मिमी खाली घेतली तरी असा गतिरोधक ती पार करते. पण गावोगावी आढळणारे अरुंद, उभट गतिरोधक या मानकात बसत नाहीत. अशा १५० मिमी उंच गतिरोधकावर मूळ गाडीला केवळ १५ मिमीची सवड असते. मागे ४९ मिमी बसलेल्या गाडीचा मध्यभाग सुमारे २५ मिमी खाली येतो व तीही सवड संपते. मुळातच १२५ मिमीवर आणलेल्या गाडीचा तळ अशा ठिकाणी टेकतोच.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा व चांदोरी परिसर पाण्याखाली गेला होता. अशा गाळाच्या प्रदेशात कॉइलओव्हरच्या उघड्या आट्यांमध्ये चिखल साचून कडी गंजते व पुढे फिरेनाशी होते. आटे वेळोवेळी धुऊन त्यांना गंजरोधक लावावे लागते.

नाशिक परिसरात राष्ट्रीय मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही स्पर्धा झालेली आहे. कच्च्या मार्गावर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्या खाली घेतलेल्या नसतात. त्यांना लांब हालचालीचे सस्पेन्शन आणि त्यामानाने मऊ स्प्रिंग असतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. वाईट रस्त्यावर वेग ताठ स्प्रिंगमुळे नव्हे, तर चाक जमिनीला धरून राहिल्याने मिळतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच तत्त्वाचा पुरस्कार केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर वापरायच्या गाडीत बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे व विमा कंपनीस लेखी कळविणे इष्ट ठरते.

निवडीचा क्रम

निवड करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो:

१. गाडीचा मुख्य वापर आणि नेहमीचा भार ठरविणे.
२. वजनकाट्यावर पुढील व मागील धुरांवरील वजन वेगवेगळे मोजणे.
३. वापरास अनुरूप वारंवारता निवडून तिच्यावरून चाकाजवळचा व नंतर स्प्रिंगचा दर काढणे.
४. त्या दरास पुरेसे शमन देणारा धक्काशोषक निवडणे.
५. पूर्ण भार असताना उरणारी हालचाल आणि जमिनीपासूनची उंची तपासणे.
६. कायदेशीर परवानगीची खातरजमा करणे.

झिजलेले धक्काशोषक आणि रबरी बुश बदलल्यावर मूळ सस्पेन्शनही पुष्कळदा अपेक्षित पकड परत मिळवून देते. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या असे धक्काशोषक देशात तयार करतात. या कंपनीचे कारखाने नाशिक व चाकण येथेही आहेत. त्यामुळे नवीन संचाचा खर्च करण्यापूर्वी जुन्या भागांची तपासणी करणे ही पहिली पायरी मानली जाते.

हे सुद्धा पहा

मोटारगाडी
हुकचा नियम
धक्काशोषक
गतिरोधक
सायखेडा