हेडर फाईल गहाळ आहे

उबंटूच्या संगणकावर पायथनचे एखादे पॅकेज बसवू पाहणाऱ्या नवशिक्याला, पडद्यावरून ओळीमागून ओळी धावत गेल्यावर, आपले यंत्रच नादुरुस्त झाले असावे असा जो ग्रह होतो, तो बहुधा निराधार असतो. कारण त्या साऱ्या मजकुरात कामाची ओळ एखादीच असते आणि ती अखेरीस नव्हे, तर बरीच वर, जेथे 'एरर' प्रथम उमटतो तेथे, दडलेली असते. शेवटची ओळ म्हणजे केवळ पंचनामा.

ती वरची ओळ पुष्कळदा 'पायथन डॉट एच' ही हेडर फाईल सापडत नाही, अशी तक्रार करते. पायथन तर सुखेनैव चालत असते. मग उणे कशाचे? डेबियन व तिच्यावर आधारलेली उबंटू यांत कार्यक्रम चालविण्यास लागणारा ऐवज आणि त्याच्या आधारे नवे काही घडविण्यास लागणाऱ्या हेडर फायली यांची वाटणी निरनिराळ्या पॅकेजांत केलेली असते, आणि ज्याच्या नावाअखेर 'डेव्ह' येते ते पॅकेज सहसा मागितल्यावाचून मिळत नाही. ही काटकसर मला रास्त वाटते, जरी तिचा भुर्दंड नवशिक्यालाच पडतो. 'पायथन३-डेव्ह' आणि, कंपायलरही नसल्यास, 'बिल्ड-इसेन्शियल' बसविले की काम बहुधा मार्गी लागते.

तत्पूर्वी पॅकेज बसविणारा 'पिप' मात्र अद्ययावत करून पाहावा; जुन्या पिपला नव्या धाटणीचे 'व्हील', म्हणजे आधीच बांधून तयार ठेवलेले पॅकेज, ओळखता येत नाही, आणि मग तो मूळ सोर्स उतरवून घेऊन बांधणीचा अनावश्यक खटाटोप आरंभतो.